घोड्यांचा इन्फ्ल्युएंझा व घोड्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती

टांग्यासाठी, ओझ्यासाठी अथवा बसण्यासाठी ज्यांनी घोडी पाळली आहेत त्यांच्याकडे एक प्रकार पुनःपुन्हा घडतो. घोड्याला एकाएकी ताप भरतो, कोरडा व खणखणीत खोकला येतो, नाकातून पाणी वाहते आणि तो चंदीला तोंड लावीत नाही. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, घोडा पुन्हा दाणा खाऊ लागतो आणि डोळ्यांत तेज येते. मालकाची तितक्या दिवसांची कमाई बुडालेली असते, म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी तो घोड्याला कामास जुंपतो. त्यानंतर मात्र घोड्याची धाप वाढते, नाकातून पिवळा शेंबूड येऊ लागतो आणि पहिल्याहून अधिक ताप चढतो. कधी घोडा फुप्फुसाच्या दाहाने दगावतो, तर कधी जगतो पण आयुष्यभर दमेकरी राहतो. मालक दैवाला किंवा औषधाला दोष देतो. वास्तविक येथे दैवाचा संबंध नसतो आणि औषधाचाही फारसा नसतो. घोड्याचे शरीर रोगाशी लढाई जिंकत आलेले असताना त्याला मध्येच कामास जुंपले गेले, एवढेच घडलेले असते.

ही लढाई कशी चालते व ती पुरी होण्यास किती दिवस लागतात हे ग्रामसेवकांनी व पशुपालकांनी नीट समजून घेतले, तर पुष्कळ जनावरे वाचतील.

या रोगास घोड्यांचा इन्फ्ल्युएंझा अथवा फ्ल्यू म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. विषाणू हा साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही इतका लहान असतो आणि त्याला स्वतःहून वाढता येत नाही. बांडगूळ जसे दुसऱ्याच्या झाडावर वाढते, तसा तो सजीवाच्या पेशीत शिरून तिच्याच सामग्रीवर आपल्यासारखे हजारो विषाणू तयार करवून घेतो. पेनिसिलिनसारखी औषधे जंतूंना मारतात, विषाणूला नाही. म्हणून 'सुई टोचली, आता घोडा बरा होईल' ही समजूत या रोगात खरी नाही. विषाणूचा नाश घोड्याचे स्वतःचे शरीरच करते. पशुवैद्यक जी औषधे देतो ती बहुधा मागाहून शिरणाऱ्या जंतूंसाठी असतात.

रोग नवा नाही. इ. स. १८७२ मध्ये तो कॅनडातील टोरांटो शहराच्या परिसरात प्रथम दिसला आणि काही महिन्यांत उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागांत पसरला. त्या काळी शहरातील ट्राम, मालाच्या गाड्या, आगीचे बंब हे सारे घोडेच ओढीत. घोडे आजारी पडताच व्यवहार ठप्प झाले आणि काही ठिकाणी बैल जुंपावे लागले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला बॉस्टन शहरात प्रचंड आग लागली, तेव्हा बंबाचे घोडे आजारी असल्यामुळे माणसांना हातांनी बंब ओढीत न्यावे लागले. रोगाचे कारण त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. घोड्यांतील इन्फ्ल्युएंझाचा विषाणू प्रथम वेगळा काढण्यात आला तो १९५६ मध्ये प्राग येथे. १९६३ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे त्याचा दुसरा प्रकार आढळला. आज जगभर आढळतो तो हाच दुसरा प्रकार होय. भारतात १९८७ मध्ये या रोगाची मोठी साथ आली. पुढे २००८ च्या जून महिन्यात जम्मूनजीकच्या कटरा येथे, यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या घोड्या-खेचरांच्या मुक्कामी, रोग पुन्हा उद्भवला व तेथून इतर राज्यांत गेला. गाढवे व खेचरे यांनाही हा रोग होतो आणि गाढवाला तर तो घोड्याहून अधिक जड जातो.

पहिला बांध

घोड्याच्या नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या श्वासमार्गाला आतून एक ओलसर अस्तर असते. त्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्या थराखाली डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. वाऱ्याने ज्वारीचे शेत एका दिशेने लहरावे तशी ही लव अखंड हलत असते आणि धूळ, जंतू, विषाणू यांनी भरलेला चिकट द्रव घशाकडे ढकलीत असते. तेथून तो गिळला जातो अथवा नाकावाटे बाहेर पडतो. रोज श्वासाबरोबर आत येणारी बहुतेक घाण येथेच अडते.

या ठिकाणी एका व्यावहारिक गोष्टीचा उल्लेख करणे अवश्य आहे. घोडा निसर्गतः मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. मान खाली असली म्हणजे श्वासमार्गातील द्रव उताराने बाहेर येतो. ट्रकमध्ये घोड्याची मान उंच बांधून त्याला दहा-बारा तास नेले, तर हा उतार नाहीसा होतो व घाण फुप्फुसाकडे साचू लागते. दूरच्या बाजारातून आणलेला घोडा घरी येताच आजारी पडतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. मालक मात्र त्याला 'पाणी लागले' असे म्हणतो. लांबच्या प्रवासात चार-पाच तासांनी गाडी थांबवून घोड्याची मान मोकळी करावी, त्याला पाणी पाजावे आणि वैरण जमिनीवर टाकून खाऊ द्यावी.

इन्फ्ल्युएंझाचा विषाणू नेमका या लव असलेल्या पेशींवरच हल्ला करतो. त्याच्या अंगावर काट्यांसारखे उंचवटे असतात. त्यांच्या साहाय्याने तो पेशीला चिकटतो व आत शिरतो. पेशीत नवे विषाणू तयार होऊन बाहेर पडतात, ते शेजारच्या पेशींत शिरतात आणि जुनी पेशी मरून गळून पडते. एक ते तीन दिवसांत अस्तराचे मोठे भाग उघडे पडतात. पीक उपटून नेलेल्या रानासारखी त्यांची स्थिती होते. खोकला सुरू होतो तो याच वेळी. खोकल्याबरोबर उडालेल्या तुषारांतून विषाणू वाऱ्यावर जातो आणि एका तबेल्यातील साऱ्या घोड्यांना दोन-तीन दिवसांत गाठतो.

शरीराची तातडीची व्यवस्था

विषाणू शिरलेली पेशी मुकाट्याने मरत नाही. मरण्यापूर्वी ती एक द्रव्य बाहेर सोडते. हे द्रव्य शेजारच्या पेशींना पोहोचले की त्या आपल्या आतील व्यवस्था अशी बदलतात की विषाणू शिरला तरी त्याला तेथे वाढणे कठीण जाते. गावात चोर शिरल्याची हाक ऐकताच शेजाऱ्यांनी कड्या लावून घ्याव्यात तसाच हा प्रकार आहे. लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान या दोन शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये इन्फ्ल्युएंझाच्याच विषाणूवर प्रयोग करताना या द्रव्याचा शोध लावला व त्याला इंटरफेरॉन असे नाव दिले. कोणत्याही एका विषाणूपुरते ते मर्यादित नसते. त्याने रोग संपत नाही, परंतु त्याची धाव मंदावते आणि शरीराला पुढील तयारीसाठी चार दिवस मिळतात.

याच सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी अस्तराकडे धाव घेतात. त्यांपैकी काही मेलेल्या पेशी व विषाणू गिळून टाकतात, तर काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी ओळखून त्यांना नष्ट करतात. या पेशींनी सोडलेली द्रव्ये रक्तावाटे मेंदूपर्यंत जातात व शरीराचे तापमान वाढते. निरोगी घोड्याचे तापमान सामान्यतः ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. या रोगात ते १०३ पासून १०६ अंशांपर्यंत चढते. ताप म्हणजे रोग नव्हे, तो शरीराने स्वतः योजलेला उपाय होय. उष्णतेत पांढऱ्या पेशी अधिक चपळाईने काम करतात व विषाणूची वाढ मंदावते. अर्थात फार चढलेला ताप घोड्याला, विशेषतः गाभण घोडीला, अपायकारक ठरतो. तो किती व कशाने उतरवावा हे पशुवैद्यकाने ठरवावे. मालकाने दुकानातून आणलेली गोळी आपल्या मताने देऊ नये. तशी गोळी दिल्यास ताप उतरल्याचा भास होतो आणि घोडा लवकरच कामाला जातो. ताप न दिसणे हे रोग न दिसणे होय, रोग नसणे नव्हे.

नेमके शस्त्र

वर सांगितलेली व्यवस्था जन्मजात असते व ती कोणत्याही शत्रूवर सारखीच चालते. तिच्याशिवाय शरीराजवळ दुसरे, अधिक नेमके शस्त्र असते. मात्र ते तयार होण्यास वेळ लागतो. विषाणूचे तुकडे घेऊन काही पेशी जवळच्या लसीकाग्रंथीत जातात. घोड्याच्या जबड्याखाली ज्या गाठी हातास लागतात त्या लसीकाग्रंथीच होत आणि या रोगात त्या थोड्या सुजतात. तेथे नाना प्रकारच्या लक्षावधी पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी ज्या थोड्या पेशींना हा विशिष्ट विषाणू ओळखता येतो त्या निवडल्या जातात व झपाट्याने वाढू लागतात. त्यांतील एक जात अस्तरात जाऊन ग्रासलेल्या पेशी शोधशोधून मारते. दुसरी जात प्रतिपिंड नावाची द्रव्ये तयार करते. प्रतिपिंड विषाणूच्या काट्यांना घट्ट चिकटतात, त्यामुळे विषाणूला नव्या पेशीस धरताच येत नाही.

प्रतिपिंड म्हणजे काय हे शेतकऱ्यास समजावून सांगण्यास एक सोपे उदाहरण आहे, आणि तेही घोड्याचेच आहे. सर्पदंशावर रुग्णालयात जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून केलेली असते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेने या कामासाठी घोडे वापरले. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत टोचले की त्याचे शरीर त्या विषावर प्रतिपिंड तयार करते. मग त्याचे थोडे रक्त काढून त्यातील प्रतिपिंड शुद्ध केले जातात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर ही लस चालावी म्हणून घोड्यांना चारही विषे टोचावी लागतात, कारण एका विषावरचे प्रतिपिंड दुसऱ्यावर चालतीलच असे नाही. रोगातही असेच असते. इन्फ्ल्युएंझावरचे प्रतिपिंड इन्फ्ल्युएंझावरच चालतात, दुसऱ्या कोणत्याही खोकल्यावर नाही. शेतावर राबताना साप चावून वाचलेल्या कित्येकांचे प्राण घोड्याच्या प्रतिकारशक्तीने वाचवलेले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्या घोड्याला हा रोग पूर्वी कधीच झालेला नाही त्याच्या रक्तात पुरेसे प्रतिपिंड दिसू लागण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात. तोपर्यंत तो नाकावाटे विषाणू सोडीत असतो. म्हणून ताप गेलेला घोडाही आठ-दहा दिवस इतर घोड्यांस धोक्याचा असतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. सातव्या-आठव्या दिवशी विषाणू जवळजवळ संपलेला असतो, ताप गेलेला असतो, घोडा खात असतो. मग त्याला विश्रांती कशासाठी? उत्तर असे की, लढाई संपली तरी रान उजाडच असते. गळून पडलेले अस्तर व त्यावरील लव पुन्हा पूर्ववत उगवण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तोपर्यंत धूळ व जंतू ढकलून बाहेर काढणारी यंत्रणा बंद असते. अशा घोड्याला रस्त्याच्या धुळीतून पळवले की तो खोल श्वासाबरोबर जंतू थेट फुप्फुसात ओढून घेतो, आणि तेथे त्यांना अडवणारे कोणी नसते. शिवाय कष्टाच्या कामाने पांढऱ्या पेशींचा जोर कमी होतो. पिवळा शेंबूड व दुसऱ्यांदा चढलेला ताप यांचे मूळ येथे आहे.

यावरून पशुवैद्यकांनी एक साधा हिशेब ठरवलेला आहे. ताप जितके दिवस होता तितके आठवडे घोड्याला कामापासून दूर ठेवावे, आणि ताप एकच दिवस असला तरी तीन आठवड्यांहून कमी विश्रांती देऊ नये. चार दिवस ताप आला असेल तर एक महिना. टांगेवाल्यास किंवा माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणाऱ्या घोडेवाल्यास हा महिना फार महाग पडतो, हे खरे आहे. हंगामाचे दिवस असतील तर त्याच्या घरची चूल या घोड्यावरच पेटत असते. त्याला नुसते 'विश्रांती द्या' असे सांगून ग्रामसेवकाचे काम संपत नाही. एका महिन्याच्या कमाईच्या समोर घोड्याची पुरी किंमत मांडून दाखवली, तर हिशेब त्याला स्वतःलाच कळतो.

विश्रांती म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे. घोडा वारा खेळेल अशा जागी, परंतु थेट झोताबाहेर बांधावा. वैरणीवर पाणी शिंपडून ती जमिनीवर टाकावी. तोबऱ्यातून कोरडा कोंडा देऊ नये, त्याची धूळ सरळ नाकात जाते. थानाखालचा भुसा घोडा तेथे असताना झाडू नये. पाणी भरपूर व ताजे असावे. पहिल्या आठवड्यानंतर लगामाने धरून थोडे सावकाश फिरवण्यास हरकत नाही.

शरीराला आधी शिकवणे

रोगातून उठलेल्या घोड्याच्या शरीरात काही पेशी त्या विषाणूची ओळख जपून ठेवतात. पुढच्या वेळी तोच विषाणू आला तर दहा दिवसांचे काम दोन-तीन दिवसांत होते आणि घोडा आजारी पडत नाही, किंवा अगदी थोडा पडतो. लस टोचणे म्हणजे हीच ओळख रोगाशिवाय करून देणे. घोड्यांच्या इन्फ्ल्युएंझाच्या लसींपैकी पुष्कळशा मारलेल्या विषाणूच्या असतात. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतात आढळलेल्या विषाणूपासूनच अशी लस तयार केली आहे.

ही ओळख मात्र कायमची टिकत नाही. वर्षभरात ती बरीच पुसट होते. त्यातच विषाणूही आपले काटे हळूहळू बदलत राहतो. ओळखीचा माणूस दरवेळी वेष बदलून यावा तसे हे आहे, आणि म्हणून लसीतील विषाणूही वेळोवेळी बदलावा लागतो. पहिली मात्रा, चार ते सहा आठवड्यांनी दुसरी, त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी तिसरी आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी एक, असा सामान्य क्रम आहे. एकच मात्रा देऊन थांबल्यास खर्च वाया जातो.

लसीने काय फरक पडतो याचा पडताळा २००७ मध्ये आपोआप मिळाला. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात जपान व ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत हा रोग उद्भवला. जपानातील शर्यतीच्या घोड्यांना नियमित लस टोचलेली होती. तेथे पुष्कळ घोड्यांना संसर्ग झाला तरी आजार सौम्य राहिला व शर्यती थोडेच दिवस बंद ठेवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात हा रोग पूर्वी कधीच नव्हता, त्यामुळे तेथील घोड्यांना त्याची ओळखच नव्हती. परदेशातून आणलेल्या घोड्यांबरोबर तो विलगीकरणाच्या जागेतून बाहेर निसटला आणि काही महिन्यांत सुमारे दहा हजार ठिकाणच्या घोड्यांत पसरला. घोड्यांची ने-आण कडकपणे बंद करून व लस टोचून तो वर्षअखेरपर्यंत आटोक्यात आणला गेला.

शिंगराची गोष्ट निराळी आहे. माणसाच्या मुलाला आईचे प्रतिपिंड गर्भातच मिळतात. घोडीच्या वारेतून मात्र ते शिंगराकडे जात नाहीत. शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंड जवळजवळ नसतातच. ते त्याला घोडीच्या पहिल्या चिकातून मिळतात, आणि तेही थोड्याच वेळात मिळवावे लागतात. जन्मल्यापासून पहिल्या सहा ते बारा तासांत शिंगराचे आतडे हे प्रतिपिंड उत्तम रीतीने शोषते. एक दिवस उलटला की तो मार्ग बंद होतो. गाईचा चीक खरवसासाठी काढताना वासराचा वाटा आधी राखावा हे पशुपालक जाणतात. घोडीच्या चिकाला असा वाटेकरी नसतो, तरीही शिंगरू पुष्कळदा त्याला मुकते. पहिलटकर घोडी जवळ येऊ देत नाही, शिंगरू अशक्त असल्याने उभे राहत नाही, किंवा विण्याआधीच घोडीचे दूध गळून गेलेले असते. दोन-तीन तासांत शिंगरू पिऊ लागले नाही तर घोडी धरून त्याला पाजावे व पशुवैद्यकास कळवावे. गाभण घोडीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे लस टोचली असेल तर चिकात इन्फ्ल्युएंझाचे प्रतिपिंड भरपूर उतरतात. हे उसने प्रतिपिंड काही महिने टिकतात आणि तोवर शिंगराला दिलेली लस निष्फळ करतात. म्हणून शिंगराची पहिली मात्रा सहा महिन्यांच्या वयानंतर द्यावी.

जत्रा व बाजार

महाराष्ट्रात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. निरनिराळ्या मुलखांतील, निरनिराळे रोग भोगलेली व न भोगलेली घोडी काही दिवस शेजारी शेजारी बांधली जातात. विषाणूला याहून सोयीची जागा नाही. बाजारास न्यायच्या घोड्याची लस निदान दोन-तीन आठवडे आधी पुरी झालेली असावी, कारण टोचल्याबरोबर प्रतिपिंड तयार होत नाहीत. तेथे दुसऱ्याची बादली, तोबरा, लगाम व खरारा वापरू नये. विकत आणलेला घोडा घरच्या घोड्यांपासून दोन ते तीन आठवडे वेगळा बांधावा आणि शक्य तर त्याची देखभाल वेगळ्या माणसाने करावी. एकच माणूस असेल तर त्याने घरच्या घोड्यांचे आधी करावे, नव्याचे शेवटी, आणि मग हात साबणाने धुवावेत. नव्या घोड्याचे तापमान रोज सकाळी गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहावे व वहीत लिहावे. खोकला येण्यापूर्वीच ताप चढतो, त्यामुळे वहीतील आकडा सर्वांत आधी इशारा देतो.

नाक वाहणारा प्रत्येक घोडा इन्फ्ल्युएंझाचाच असतो असे मात्र समजू नये. ग्लँडर्स नावाच्या जंतुजन्य रोगातही नाक वाहते, नाकाच्या आत व्रण पडतात व कातडीवर गाठी येऊन फुटतात. हा रोग माणसालाही होतो व प्राणघातक ठरतो. असे चिन्ह दिसल्यास जनावरास हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ वर्दी द्यावी. तसे करणे कायद्यानेही बंधनकारक आहे.

एकाच वेळी दोन-तीन घोडी खोकू लागली तरीही वर्दी द्यावी. विषाणू सापडण्यासाठी नाकातील नमुना पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावा लागतो. त्याबरोबर पशुवैद्यक रक्ताचा एक नमुना घेतो आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा मागतो. घोडा तोवर बरा झालेला असल्याने दुसऱ्यांदा रक्त देण्यास मालक नाखूश असतो, आणि पुष्कळ वेळा तपासणी येथेच अडते. ग्रामसेवकाने त्याला सांगावे की, पहिल्या रक्तात प्रतिपिंड थोडे आणि दुसऱ्यात ते अनेक पटींनी वाढलेले आढळले तरच घोडा इन्फ्ल्युएंझाशीच लढला हे सिद्ध होते, आणि त्यावरूनच गावातील इतर घोड्यांना लस द्यावयाची की नाही हे ठरवता येते.